दुपट्याची चौथी बाजू

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला खोळ आहे. मिक्सरला आहे, गॅसच्या सिलेंडरला आहे, टीव्हीच्या रिमोटला आहे. फ्रिजच्या दांड्यालासुद्धा फुलाफुलांची बाही आहे. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राची खोळ जांभळ्या साटिनची आहे, तिला वरून झाकण आणि वडिलांच्या शर्टाचं एक बटण आहे. हे सगळं माझ्या आईचं काम. ते प्रमाणपत्र मी गावी नेलं तेव्हा तिनं ते हातात घेतलं, मागूनपुढून पाहिलं आणि बोटांच्या वितीनं मोजलं. "याला धूळ बसंल," एवढंच म्हणाली. घराण्यातली ती पहिली पदवी होती. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले, आईनं संध्याकाळपर्यंत खोळ शिवून दिली.

तिचं शिवणयंत्र म्हणजे काळं हातमशीन, उजव्या हातानं दांडा फिरवायचं. वडील आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. आई घरी लोकांचे परकर, अभ्रे, लहान मुलांची झबली शिवायची. माझं शाळेचं दप्तर तिनं वडिलांच्या जुन्या खाकी पँटच्या पायाचं केलं होतं. पँटचा खिसा जिथल्या तिथं ठेवला होता. मुली हसल्या, पण मधल्या सुट्टीत आपापल्या चिंचा माझ्याच खिशात ठेवायला द्यायच्या. त्या मशीनच्या जोरावर मी पुण्याला आले, कर्वेनगरच्या वसतिगृहात राहून बी.कॉम. झाले आणि आज तिथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात फीच्या खिडकीवर बसते. हे मी कुणालाही, न विचारता सांगते.

आईच्या हातात आणखी एक कला आहे, सबबींची. ती कुणाला सरळ 'नाही' म्हणत नाही. एखादं काम करायचं नसलं की तिची सुई मोडते. गावात सगळ्यांना ते माहीत होतं. "सुई कधी बसवणार, वहिनी?" असं बायका हसून विचारायच्या, आणि आईही हसायची.

मला दिवस राहिले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. पण डॉक्टर पुण्यातले, म्हणून माहेरच इकडे आलं. आई एसटीनं आली, मांडीवर गोणीत बांधलेलं मशीन. कंडक्टर म्हणाला, "मावशी, याचं तिकीट काढा." आई म्हणाली, "पाच वर्षांच्या आतलं हाय." सबंध गाडी हसली म्हणे. धायरीला आमच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या तिनं हे आधी माझ्या नवऱ्याला सांगितलं आणि मग पाणी प्यायली.

तिनं दुपटी शिवायला घेतली. नव्या कापडाचं दुपटं बाळाला टोचतं, म्हणून ती जुन्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या सुती लुगड्यांची करतात. आईनं आजीची, मावशीची, स्वतःची लुगडी साठवून आणली होती. ती बाल्कनीत पुन्हा वाळवली, दोन-दोन पदर जुळवून कापले आणि कडेनं टीप मारली. तीन बाजूंनीच. चौथी बाजू प्रत्येकाची उघडी राहिली.

पुष्कळ घरांत बाळ यायच्या आधी त्याचं काही पुरं करून ठेवत नाहीत. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे मुहूर्त नाही, दृष्ट नाही, लिंबू-मिरची नाही. वडील याबाबतीत फार कडक. ते रोज फोन करून विचारायचे, "दुपटी झाली का?"

"झालीच की. थोडी ऱ्हायलीत. दोरा संपला."

मग नवरा धायरी फाट्यावरून दोऱ्याचं रीळ आणायचा. दोन दिवसांनी पुन्हा दोरा संपायचा. आईच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात पांढऱ्या रिळांची दाटी झाली. शेवटी तो म्हणाला, "आई, दोऱ्याचं दुकान टाकायचंय का आपल्याला?"

"तुम्ही आणता तो कच्चा निघतो, पाव्हणं."

माझ्या लक्षात आलं होतं. मी एका दुपट्यात उशीच्या अभ्र्यात घालावा तसा कोपरापर्यंत हात घालून तिला दाखवला आणि हसले. ती म्हणाली, "हस. तुझं काय जातंय."

आठव्या महिन्यात बाळाचं हलणं थांबलं.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला, तेव्हाच मला समजलं. नंतर त्यांनी नाळेला बसलेल्या गाठीबद्दल सांगितलं. त्यात कुणाचा दोष नसतो, असं दोनदा सांगितलं. मी मान हलवली. कळा आणाव्या लागल्या. मुलगा होता. नर्सनं विचारलं, "कापड आणलंय का?" आईनं पिशवी उघडली आणि आजीच्या लुगड्याचं पिवळं दुपटं काढलं. तिनं त्याला गुंडाळलं आणि हनुवटीखाली एक टोक खोचलं. नवरा आणि गावाहून आलेले वडील त्याला घेऊन गेले. त्या खोलीतल्या पंख्याच्या रेग्युलेटरला बटण नव्हतं, नुसता खिळा होता. मी त्याच्याकडे बघत होते. मला काही वाटलं नाही. लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, तसं नसतं, आत वाटत असतं. असेल. मला ते कळलं नाही.

घरी आल्यावर आईनं बाळंतिणीचं सगळं केलं. गरम पाण्याची आंघोळ घातली, जुनं लुगडं आवळून पोट बांधलं, डिंकाचे लाडू केले. अळिवाची पुडी मात्र फळीवर सगळ्यात मागे सरकवली, कारण अळिवानं दूध येतं. ते तरीही आलं. आईनं एक लुगडं दातानं कडेला चीर पाडून टराटरा फाडलं आणि त्या पट्ट्यांनी माझी छाती बांधली. त्या दिवसांत घरात कापडाचा आवाज झाला तो तेवढाच. मशीन खिडकीजवळच्या स्टुलावर खोळ घालून होतं. आईनं ती खोळ काढली नाही.

मी दिलेलं जेवत होते, सांगितलं की झोपत होते. खालच्या रस्त्यावर शाळेच्या व्हॅन यायच्या, त्यांचे रंग मला पाठ झाले. भेटायला येणारे काही काही बोलायचे, मी "हो" म्हणायचे. नवरा सकाळी कंपनीच्या बसनं पार वाघोलीला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. एका संध्याकाळी त्यानं डब्याची पिशवी ठेवली, खिशातून पांढरं रीळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. सवयीनं आणलं होतं. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मग आईनं ते उचलून डब्यात टाकलं आणि म्हणाली, "हात-पाय धुवा. आमटी गरम करते."

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. पेठेतलं घर विकून धायरीला येऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली, पण अजून "आम्ही हल्ली खेड्यात असतो" असंच सांगतात. त्या पहिल्या दिवसांत त्यांनी रोज पिठलं-भाताचा डबा दारात ठेवला, बेल वाजवली आणि दार उघडायच्या आत जिना उतरून गेल्या. साधारण महिन्याभरानं त्या पहिल्यांदा आत आल्या. हातात जुन्या साड्यांचं गाठोडं होतं.

"काय हो, तुमचं मशीन संपावर गेलंय का?" त्या आईला म्हणाल्या. "दुपारी झोप लागायला लागली मला. सवय नाही हो."

आईनं त्यांना पाणी दिलं. काकूंच्या लेकीला सातवा लागला होता, ती बाळंतपणाला येणार होती. "दुकानातली दुपटी बघून आले. पाणी टिपत नाहीत, नुसती घसरगुंडी. मूल टिकायचं कसं त्यावर," असं म्हणून त्या एकदम थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुला चालेल ना गं? नाहीतर तसं सांग. मी आपली मुकाट दुकानात जाते."

"चालेल, काकू," मी म्हणाले. मला खरंच चालत होतं. काहीही चालत होतं.

"सुई मोडलीय," आई म्हणाली.

नवऱ्यानं सुयांची पुडी आणली. काकू पुन्हा आल्या तेव्हा तेल संपलं होतं. नवऱ्यानं तेलाची बाटली आणली. पुढच्या वेळी आईच्या डोळ्यांना दिसेनासं झालं.

"परवा चष्म्याशिवाय तांदळातले खडे वेचत होतात की," काकू म्हणाल्या.

"खडं मोठं हुतं."

"बरं. माझी लेक काही खडे मोठे व्हायची वाट बघणार नाही." पण गाठोडं त्यांनी परत नेलं नाही. आमच्या सोफ्याच्या कोपऱ्यातच ठेवून गेल्या.

त्याच आठवड्यात आई स्वयंपाकघरातून वडिलांशी फोनवर बोलत होती. मी बाल्कनीतले कपडे काढत होते. "रविवारी या न्यायला," ती म्हणाली. "पोरगी आता हिंडतीफिरती झाली. आन् मशीन तुमच्या भावाच्या सुनंला देऊन टाकू. ती शिकतीय. मला आता न्हाय हुयाचं."

मी कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं डोकं एखाद्या गोष्टीवर टिकलं. मशीन एकदा दुसऱ्याच्या घरी गेलं की परत मागायचं नसतं. आणि मशीन नसलेली आई म्हणजे हात मांडीवर ठेवून बसलेली आई. तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. गेल्या महिन्याभरात मात्र रोज पाहत होते. तिचे हात तसे बसले होते ते माझ्यासाठी, हे मला माहीत होतं. तिला नेमकं काय खातंय, ते मात्र माहीत नव्हतं.

"मशीन का देतेस?" मी विचारलं.

"जड झालंय ते. एसटीत कोण उचलंल?"

"येताना मांडीवर आणलंस की."

ती कुकरची शिट्टी काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा कामावर होता आणि आई भांडी घासत होती. मी पलंगाखालची बॅग ओढली. उरलेली दुपटी त्यात घडी करून ठेवली होती. ती बाहेर काढली. मशीनची खोळ काढली, नवी सुई बसवली. दोरा ओवायला बराच वेळ लागला. मला शिवता येत नाही. शाळेत शिवणाच्या तासाला माझा रुमाल आईच शिवून द्यायची. उजव्या हातानं दांडा फिरवला, तर डाव्या हातातलं कापड तिरकं पळायला लागलं.

आवाज ऐकून आई आतून आली. हात ओलेच होते.

"काय करतीस?"

"चौथी बाजू शिवतेय."

"कशापायी?"

"उघडी आहे म्हणून."

मी दांडा फिरवत राहिले. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होत होतं, तरी थांबले नाही. आई पलंगाच्या कडेवर बसली. हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले.

"त्या पिवळ्याची मी शिवली हुती," ती म्हणाली.

मी थांबले.

"मावशीचा फोन आलेला. स्पीकर लावून बोलत हुते. हात आपला चालूच. बघितलं तर चारी बाजू झालेल्या. हाताला कुठं कळतंय, तीनवर थांबायचं." ती खिडकीबाहेर बघत होती. "उसवायला कात्री घेतली हुती. मग म्हनलं, केलेलं उसवणं आनखी वंगाळ. तसंच तळाला घातलं. आन् तितंबी तेच काढलं मी. पिशवीत पुरं तेवढं एकच हुतं."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

"ऐकलं म्हणून काय झालं."

वडील तिथे असते तर त्यांनी तिला आजोबांपासून सगळं समजावून सांगितलं असतं. मीही शिकलेली आहे, मलाही ते सांगता आलं असतं. पण माझ्या मनात त्या वेळी एवढंच आलं की दुपटं तीन बाजूंचं असतं तर नेताना त्याचा पाय आतल्या पदरात अडकून उघड्या बाजूनं बाहेर आला असता.

"बरं झालं ते पुरं होतं," मी म्हणाले. "अर्धवट शिवलेल्यात गेला असता नाहीतर."

फीच्या खिडकीवर "पावती जपून ठेवा" म्हणते, तोच माझा आवाज होता. आईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. ती किती वेळ रडली, मी पाहिलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, असं आता लिहिताना वाटतं. तेव्हा मी पुढचं दुपटं घेतलं आणि दांडा फिरवला.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. नाक ओढलं. मग तिची नजर माझ्या हाताखालच्या कापडावर गेली.

"आगं, हे काय केलंयस?"

"शिवलंय."

"शिवलंय? साप गेल्यावानी टीप मारलीय." तिनं कापड उलटं केलं. "आन् खाली ही जळमटं! बी.कॉम. झालीस म्हणून काय झालं. उसव ते."

"चांगलं आहे की."

"सरक तिकडं."

मी सरकले. तिनं सुईखालचं कापड मोकळं केलं, दातात दोरा धरला आणि माझी सगळी टीप एका झटक्यात उसवून काढली. मग कापड पुन्हा घातलं. दांडा फिरायला लागला. सुरुवातीला अडखळत, मग एकसारखा. मी तिथेच पलंगावर आडवी झाले आणि तो आवाज ऐकता ऐकता मला झोप लागली. उठले तेव्हा सगळ्या दुपट्यांच्या चारही बाजू बंद होत्या, आणि आई त्यांच्यासाठी एक खोळ बेतत होती.

संध्याकाळी काकूंनी जिन्यातूनच विचारलं, "कोण ते? दुपारी माझी झोपमोड केली कुणी?"

"मी," आई म्हणाली.

"बरं झालं," असं म्हणून त्या खाली गेल्या.

रविवारी वडील आले. जेवले, झोप काढली आणि डिंकाचे उरलेले लाडू घेऊन एकटेच परत गेले. जाताना मशीनकडे पाहून म्हणाले, "न्यायचं हुतं न्हवं?" आई म्हणाली, "तुमच्या भावाच्या सुनंला नवं घेऊन द्या. हे तिला झेपायचं न्हाय."

आमची दुपटी कपाटात वरच्या फळीवर आहेत. खोळ पांढरी आहे, तिलाही एक बटण आहे. मी पुन्हा खिडकीवर बसायला लागले आहे. रात्री झोप लागते. काही वाटतं का, असं नवरा कधीकधी विचारतो. मी म्हणते, अजून नाही.

काकूंची दुपटी मागच्या आठवड्यात तयार झाली. त्या न्यायला आल्या तेव्हा मी पलंगावर दोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन शर्टाची बटणं लावत होते. काकूंनी एकेक दुपटं उलगडून पाहिलं, गालाला लावलं, आणि मग एकात त्यांचा हात कोपरापर्यंत गेला.

"अहो, हे काय? ही बाजू उघडीच आहे. आणि हिचीही!"

"दोरा संपला," आई म्हणाली. "बाळ झालं की वर पाठवा. तवा टीप मारून दीन."

"पुण्यात दोरा मिळेनासा झाला, हे नवीनच ऐकते मी." काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या मांडीवरच्या डब्यात काठोकाठ पांढरी रिळं होती. मी झाकण लावलं.